शहाणी झालेली मंजी

शनिवार, तिन्हीसांज. लोणावळा.

माझ्या पुस्तकमालेतली खट्याळ, शाळकरी मंजी आता शहाणी करा, असं प्रकाशक म्हणाले आणि मी, संस्कृतचा मास्तर, 'विद्या विनयेन शोभते' या वचनाला भुललो. आज कार्ल्याच्या शाळेत नवं प्रकरण वाचलं: सगळे भातलावणीत आणि मंजी स्वच्छ गणवेशात बांधावर.

पुढे बसलेली एक मुलगी कळवळून म्हणाली, "सर, मंजी आजारी हाय व्हय?"

"नाही गं, शहाणी झालीये."

"मग चिखलात का न्हाई उतरली? लय वंगाळ वाटतंय."

मलाही वाटलं. तो बांध डोळ्यांपुढून हलेना. विनय शोभतो, मान्य, पण मंजीला? त्या बांधावर?

खिडकीबाहेर धुकं दाटलंय. त्यात कुणीतरी खुदखुदतंय असा भास होतोय. प्रकरण आत्ताच फाडलं. प्रकाशकांना सांगेन, पोरगी माझं ऐकत नाही.