न्गावुर या शब्दाबद्दलचा माझा जबाब

१२ ऑगस्ट

आज माझ्या सहीवर भाषा कार्यालयाचा शिक्का बसला! पहिल्यांदाच.

सुसाप्तो सर बैठकीसाठी जकार्ताला गेलेत आणि नेमकं आजच पोलीस ठाण्याचं पत्र आलं. भाषातज्ज्ञाचं मत हवं, तातडीनं. सरांना फोन केला तर म्हणाले, "तू दे की. दोन वर्षं काय नुसत्या फायली पुसायला ठेवलंय तुला?"

प्रकरण लहानसं आहे. वोनोजाती गावात आंबवलेल्या सोयाबीनचे टेंपे विकणाऱ्या कासिरा नावाच्या बाईनं गावाच्या फेसबुक पानावर लिहिलं — "नदीवरचा पूल लुरानं न्गावुर बांधलाय." लुरा म्हणजे गावचे प्रमुख, इथले वार्दोयो. त्यांनी बदनामीची तक्रार केली.

प्रश्न चार. अर्थ काय? — माप न घेता, अंदाजपंचे, मनाला येईल तसं केलेलं. मूळ? — जावानीज, तिथून इंडोनेशियनमध्ये आलेला. दर्जा? — साध्या बोलीतला, मोठ्यांशी बोलताना न शोभणारा. अपमानकारक आहे का? — होय.

वीस मिनिटांत संपलं. हवालदार इर्वान कागद घेऊन जाताना म्हणाला, "ताई, तुमचे सर याला आठवडा लावतात!"

आईला फोन केला. ती खूश होईल असं वाटलं होतं. म्हणाली, "सही कशाला केलीस गं? कुठे अडकणार नाहीस ना?" आमच्या घरात सही म्हणजे संकटच.

२ सप्टेंबर

इर्वानचा फोन. आभार मानायला! "तुमच्या कागदानं काम सोपं झालं, ताई. बाईला आरोपी केलंय. समेट झाला नाही तर प्रकरण सरकारी वकिलांकडे. मग कोर्ट, मग आत."

मी विचारलं, दुसरा पुरावा काय आहे?

"दुसरा कशाला हवा? तुम्ही 'होय' लिहिलंयत ना."

जेवण गेलं नाही.

४ सप्टेंबर

ग्रंथालयात दिवसभर. जुन्या जावानीजच्या जाडजूड कोशात 'आवुर' सापडला — विखुरलेलं, एकात एक मिसळून गेलेलं. पुढे जावानीजमध्ये न्गावुर. पुढे इंडोनेशियन. आता तर मंत्री विरोधकांच्या आकडेवारीला म्हणतात, पंच खेळाडूच्या फटक्याला म्हणतात, छापूनही येतो. कुणावर खटला झालेला नाही.

हुरूप आला. विखुरलेलं! यात कुठे शिवी आहे? जोडपत्र लिहून देते — शब्दाचा मूळ अर्थ निरुपद्रवी आहे म्हणून.

५ सप्टेंबर

सर परत आले. माझा एक अहवाल परत फेकला — "हा तक्ता न्गावुर आहे, पुन्हा कर." मी "हो सर" म्हणून जागेवर येऊन बसले आणि तो शब्द स्वतःशीच पुन्हा म्हणून पाहिला.

सर दर आठवड्याला हा शब्द मला ऐकवतात. आजवर कधी अपमान वाटला नाही. मग त्या दिवशी 'होय' का लिहिलं? खरं लिहायचं तर — टेंपेवाली लुराला असं बोलते म्हणून खटकलं. बस्स. कोशात नव्हतं ते. माझ्या कानात होतं. आमच्या बाबांनी लुरापुढे कधी मान वर केली नाही. मीही ती मान खाली घालूनच सही केली. पदवीधर होऊन!

७ सप्टेंबर

वोनोजातीला गेले. कासिराबाई अंगणात भिजलेले सोयाबीन पायांनी तुडवून सालं काढत होत्या. मी नाव सांगितलं. तुडवणं थांबलं नाही.

"तूच होय ती शब्दांची डॉक्टरीण? माझा शब्द आजारी पडला म्हणून आलीस?"

मी म्हटलं, चूक झाली. मग घाईघाईनं जुन्या कोशाची गोष्ट सांगितली. विखुरलेलं, मिसळलेलं. कोर्टात म्हणू, मावशी, तुम्हाला तसं म्हणायचं होतं.

पाय थांबले. "मला तसं नव्हतं म्हणायचं. मला न्गावुर म्हणायचं होतं."

मग मला पुलावर घेऊन गेल्या. लोखंडी, हिरवा रंग. एका बाजूचा कठडा पलीकडच्या काठाच्या सात पावलं आधीच संपतो. नुसता संपतो! पुढे काही नाही.

"पात्र कुणी मोजलंच नाही. साधी दोरीही धरली नाही. आणलेलं लोखंड जिथं सरलं तिथं कठडा सरला. आमचा माणूस चाळीस वर्षं बांबूच्या पुलावरून गवताचे भारे आणायचा, कधी पडला नाही. फेब्रुवारीत या लोखंडी पुलावरून पडला. पाणी चढलेलं होतं."

नवरा गेला हे पोलिसांच्या पत्रात नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"सातव्या दिवशीच्या प्रार्थनेला लुरा आले. म्हणाले, देवानं नेलं. मी वाकून हो म्हटलं. समोर क्रामो बोलावी लागते ना, अदबीची. तिच्यात माझी जीभ चालत नाही. म्हणून मग इंडोनेशियनमध्ये लिहिलं. तिथं सगळे सारखे. मी लुरांना वाईट म्हटलं नाही. चोर म्हटलं नाही. पूल कसा बांधला तेवढं सांगितलं. तुला त्यात साखर घालायची असेल तर तुझ्या घरी घाल."

परतताना केळीच्या पानात बांधलेले चार टेंपे हातात दिले. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

८ सप्टेंबर

जोडपत्र फाडलं. नवीन लिहायला घेतलं — शब्द काम कसं केलं ते सांगतो, माणूस कसा आहे ते नाही. माझं आधीचं मत चुकलं. एवढंच. दोन ओळी, आणि त्यांनाच दुपार गेली.

९ सप्टेंबर

सरांनी वाचलं. चष्मा काढला. आवाज चढला नाही, त्याचंच जास्त भय वाटलं.

"शिक्का बसलेलं मत कार्यालय बदलत नसतं. उद्या प्रत्येक वकील येईल — तुमचं मागचंही चुकलं असेल म्हणून. आणि तुझं कायम होण्याचं डिसेंबरात आहे. वरून विचारतील, ही कोण?"

सरांनी चष्मा परत लावला.

"समेट होऊ घातलाय, असं ऐकतो. मग तुझा कागद लागणारच नाही. ड्रॉवरमध्ये ठेव."

ड्रॉवरमध्ये ठेवला.

१५ सप्टेंबर

खरंच समेट! लुरा तक्रार मागे घेतील. अट एक — बाईंनी गावाच्या सभागृहात सगळ्यांसमोर माफी मागायची. क्रामोमध्ये. आणि मजकूर लिहून द्यायला लुरांच्या कारकुनानं कुणाला फोन करावा? मला! "तुमच्याइतकी शुद्ध कुणाची असणार, ताई?"

मला आनंद झाला. हो, झाला! बाई सुटतील. सर खूश. डिसेंबर सुरक्षित. मन लावून लिहिलं. इतकी सुंदर क्रामो मी परीक्षेतही लिहिली नव्हती.

१८ सप्टेंबर

मजकूर घेऊन वोनोजातीला. कासिराबाई एकेक ओळ माझ्यामागून म्हणत होत्या. अडखळल्या की हसत — "अगंबाई, ही भाषा म्हणजे लग्नातली चप्पल. दिसते छान, चालता येत नाही."

शेवटी विचारलं, "न्गावुरला क्रामोत काय म्हणतात गं?"

मी म्हटलं, "वेगळा शब्द नाही, मावशी. जेवण, झोप, घर यांना आहेत. याला नाही. खाली-वर तोच."

"असं होय," म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागल्या.

२१ सप्टेंबर

सभागृह भरलेलं. खाऊचे पुठ्ठ्याचे डबे, गोड चहा. लुरा नव्या बातिक शर्टात, समोर मध्यभागी. शेजारी इर्वान, मांडीवर फाईल. मी भिंतीशी.

कासिराबाई कागद घेऊन उभ्या राहिल्या. एकही चूक नाही! मान लवलेली, आवाज मऊ. एक म्हातारा पुटपुटला, "कुठे शिकली ही?" लुरा मान डोलावत होते. मी निवांत भिंतीला टेकले.

मजकूर संपला. बाई बसल्या नाहीत. कागदाची घडी घातली, हात जोडले आणि क्रामोतच बोलत राहिल्या. मी न लिहिलेलं.

"या गरीब बाईनं फोनवर लिहिण्याचा उद्धटपणा केला. आपल्यासमोर येऊन बोलायला हवं होतं. त्याची मनापासून क्षमा असावी. म्हणून आज आपल्यासमोर येऊन नम्रपणे सांगते. आपण बांधलेला पूल न्गावुर आहे."

चहाचा एक पेलाही वाजला नाही.

लुरा हसले. आमच्याकडे संतापले की जसे हसतात तसे. "चहा घ्या, सगळ्यांनी चहा घ्या." आणि उठून गेले.

बाहेर इर्वाननं फाईल काखेत मारली. "मोडलं सगळं. सोमवारी वकिलांकडे पाठवतो. सगळ्यात वर तुमचाच कागद आहे, ताई."

कासिराबाई माझ्यासमोरून गेल्या. थांबल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "भाषा छान लिहितेस."

२२ सप्टेंबर

आईला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईला मुलं आहेत का?" नाही, म्हटलं. तिनं फोन ठेवला.

२३ सप्टेंबर

सकाळी ठाण्यात जाऊन जबाब मागे घेतला. शिक्का नाही, नुसती सही. इर्वाननं कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलं. मी सांगितलं — माझं आधीचं मत न्गावुर होतं.

त्याचं पेन थांबलं. "ताई, जरा बरा शब्द सांगा ना."

नाहीये, म्हटलं.