विहिरीत न टाकलेली पावडर

चि. अमृता, जयभीम.

पूर ओसरला तसा तू संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या ड्युटीवरून फोन केलास, "पप्पा, विहिरीत जंतू मारायची पावडर टाकल्याबिगर कुणाला पाणी पिऊ देऊ नका." मी व्हय म्हणलो. पण पंचायतीतली पावडर पुरात भिजून वाया गेली होती. गंगापूरहून नवी यायला दोन दिवस लागणार होते, अन् लोक तहानलेले. सरपंचांनी विचारलं, "कचरू, टाकली का?" गावाला पाणी पाजणं माझंच काम. मी व्हय म्हणून मान हलवली.

आज सात घरांत जुलाब-उलट्या सुरू आहेत. बाया अजून तिथंच घागरी भरतायत. तुझी आई सकाळपासून उठली नाय. "पोरीला फोन लावा," म्हणते. रेंज नाय, असं मी तिला सांगितलं.

खिशात फोन वाजतोय. तुझाच आहे.

तुझा पप्पा