नरसाळ्यामुळे पेटीत न मावलेलं पिस्तूल

आदरणीय फेर्मीनभाऊ यांस,

एलेउतेरिओचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा कसा आहे, रक्तदाब कसा आहे, आणि रोसारिओ शहरात लेकीच्या बाल्कनीत बसून बसगाड्या बघण्याचा उद्योग अजून चालूच आहे का, ते सविस्तर कळवा. इथे तुमची बहीण नेलिदा ठणठणीत आहे. मी मात्र ठीक नाही. (तसा आजार काही नाही. उत्तरेचा गरम वारा सुटलाय, कुत्रीसुद्धा एका जागी बसत नाहीत, आणि माझ्या मागे संघाची काळजी लागली आहे.)

काळजी अशी की येत्या रविवारी आपल्या नेमबाजी क्लबच्या म्हाताऱ्यांची शेजारच्या व्हिया ओर्तेन्सिया गावच्या म्हाताऱ्यांशी गाठ आहे. संघ तिघांचा. दोन जागा ठरल्या, तिसरी माझीच असं मी धरून चाललो होतो. पण कप्तान ग्रिसेल्दा (दातांची डॉक्टर, माणसाकडे बघते तेच यातला कुठला उपटायचा अशा नजरेनं) म्हणाली, आधी चाचणी द्या. तेव्हापासून माझी झोप उडाली. आपल्या खेळात एका जागी उभं राहून नेम धरायचा नसतो, हे तुम्हाला काय सांगायचं. पळायचं, भिंतीआडून डोकवायचं, तपकिरी पुठ्ठे टिपायचे, पांढऱ्यांना धक्का लावायचा नाही, पळता पळता पिस्तुलातलं गोळ्यांचं मॅगझिन बदलायचं, आणि वर घड्याळ चालूच. हे सगळं या वयात जमायचं तर हातांवर विसंबून चालणार नाही, सामान चांगलं हवं, असं माझ्या डोक्यानं घेतलं. (शाळा मी लवकर सोडली, त्यामुळे डोक्यात एकदा शिरलेलं बाहेर काढायला तिथे दुसरं काही नसतं.)

मॅगझिन घाईत भोकात जात नाही म्हणून पिस्तुलाच्या मुठीच्या तळाला पितळी नरसाळं बसवून घेतलं. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी अंधूक दिसते म्हणून चष्मेवाल्याकडून उजवी काच माशीच्या अंतराची घासून घेतली. आणि तरुण पोरं पिस्तुलाचं होल्स्टर कमरेखाली लोंबतं ठेवतात म्हणून मीही पट्टा खाली सरकवला.

चाचणीच्या दिवशी पंच बाउदिलिओनं पेटी पुढे केली. आपल्या साध्या गटात मॅगझिन घातलेलं पिस्तूल त्या पेटीत मावून झाकण लागलं पाहिजे. माझं लागेना. आडवं घातलं, तिरपं घातलं, शेवटी झाकणावर कोपर दाबला. बाउदिलिओ हळूच म्हणाला, “एलेउतेरिओ, ही पेटी आहे, तुझ्या सासूची बॅग नव्हे.” (सासू म्हणजे तुमच्या आई, पण तो तुम्हाला ओळखतो, मनावर घेऊ नका.) नरसाळं काढावं, तर ते मी स्क्रूनं बसवून वर एपॉक्सीनंही चिकटवलेलं. मला एकट्या स्क्रूचा भरवसा वाटत नाही. नियमाप्रमाणे माझी रवानगी खुल्या गटात झाली, जिथे पोरांच्या पिस्तुलांवर लाल ठिपका दाखवणारी भिंगं असतात.

गोळ्या झाडण्याआधी सगळ्यांचा रिकाम्या हातानं मैदानात फेरा झाला, बोटाचं पिस्तूल करून. फेर्मीनभाऊ, तिथे मी काय पळलो. पाय पडायला हवेत तिथेच, बोट एकेका पुठ्ठ्यावर, पांढऱ्याला अदबीनं वळसा. लोक हातातला माते, आपला कडू चहा, विसरून बघत होते.

मग खरी पाळी आली. घड्याळ वाजलं, पिस्तूल काढलं, आणि माशी मला चर्चच्या मनोऱ्याएवढी दिसली, तिच्यावरच्या गंजासकट. पलीकडे मात्र सगळं धुकं. तपकिरी कुठला, पांढरा कुठला, पत्ता नाही. दोन गोळ्या पांढऱ्यात गेल्या. (पांढरा म्हणजे निरपराध माणूस. नंतर भोकांवर चिकटपट्टी लावताना माझ्या तोंडून माफ कर निघून गेलं.) मॅगझिन मात्र नरसाळ्यातून असं सुरेख गेलं की मी ते बघतच उभा राहिलो, आणि घड्याळ पळत राहिलं. पुढे पट्टा सुटला. शेवटचा टप्पा मी एका हातात पुठ्ठ्यांकडे रोखलेलं पिस्तूल आणि दुसऱ्या हातात विजार धरून पार केला.

चोरिसोची सॉसेजं भाजत होते तिथे ग्रिसेल्दा बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “काका, बोटानं तुम्ही अख्ख्या प्रांतात पहिले आलात. बोटाला काय काय बसवलं होतं?”

सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा. मग तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की डावी मूठ घट्ट, चाप हळू, बाकी नरसाळं तुमच्यासाठी चाप ओढणार नाही. शनिवारी पुन्हा एकदा बघू म्हणाली. तेव्हापासून मी घरभर फेऱ्या मारतोय.

लेकीला आणि नातवंडांना आशीर्वाद. तब्येतीला जपा.

तुमचा,
एलेउतेरिओ

ता. क. तुम्ही रोसारिओला गेलात तेव्हा मी माझं जुनं पिस्तूल तुम्हाला देऊन टाकलं होतं. (आता हे नुसतं लोखंड आहे, बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवायला होईल, असं मी म्हणालो होतो, ते विसरा.) त्याला काहीच बसवलेलं नाही. ते पेटीत जातं आणि झाकणही लागतं. शनिवारपर्यंत मिळालं तर बरं.

आणखी एक. ते आता तुमच्या नावावर आहे, म्हणून त्याला एकट्यालाच बसमध्ये बसवून देता येणार नाही. तुम्हालाच यावं लागेल. नेलिदा तुम्हाला आवडतात तशा मनुका घातलेल्या खिम्याच्या एम्पानादा करणार आहे.

पाकीट बंद करण्याआधी. काल नेलिदानं मला जेवणघरात उभं केलं आणि भिंतीवरच्या घड्याळावर बोट रोखायला सांगितलं. बघत राहिली, माझ्या हातात माते देऊन आत गेली. बोट थरथरतं, फेर्मीनभाऊ. मैदानात मी पळत होतो म्हणून कुणाला दिसलं नाही. आज सकाळी ग्रिसेल्दाकडे जाऊन तिसऱ्या जागेवर तुमचं नाव देऊन आलो. तुम्हाला चाचणी नाही म्हणाली, तुमचा हात तिच्या लक्षात आहे. फक्त रविवारचा रिकाम्या हाताचा फेरा मी तुमच्यापुढे राहून करणार, तेवढं कबूल करून घेतलंय. पिस्तुलाला तिकडे कुणी काही बसवलं असेल तर काढून आणा. एपॉक्सीनं चिकटवलं असेल तर मला कळवू नका, मी काळजीनं मरेन.