जांभळा घसा

४ मे ९६, शनि., कोल्हार
नगरहून पेशंट भा.चा रिपोर्ट. एचआयव्ही पॉझिटिव्ह. घसा पांढराफटक दिसला तेव्हाच शंका आली होती. कान-नाक-घसा शिकताना कुणी सांगितलं नाही, की हा रोग आधी आपल्याच दारात 'आ' करून बसेल!
भा. जवळच्या देवळालीचा. गावोगावच्या बौद्ध लग्नांत वंदना म्हणतो. १९ ला मुलीचंच लग्न, आणि आवाज नाही, पाणी गिळवत नाही. कुजबुजला, "मरनाचं नंतर बगू, म्याडम. एकोनीसला म्हनता यील का?"
बायकोला सांग म्हटलं.
"लगीन हुंद्या."
नाही. आधी.

७ मे
सिंधूताई (नर्स) धास्तीनं दिसेल ते उकळतायत. हत्यारं ठीक. आज माझा कपाळावरचा आरसासुद्धा, चामडी पट्ट्यासकट! तो पेशंटला शिवतही नाही. पारा उडाला, पट्टा बाहुलीच्या मापाचा.
"रोग तर मेला ना?"
आरशाला झाला नव्हता हो! हसून हसून दोघी खाली बसलो.

८ मे
आरसा नाही, म्हणून टॉर्च. धरायची वेळ येताच सिंधूताईंना खोकला. भा.ची बायको शांताबाई पुढं झाली. "द्या हिकडं." मी घशाला जांभळं औषध लावतेय, ती विचारते, "कशानं झालं हे?" मी भा.कडे पाहिलं. सांगितलं त्यानं. ट्रकवरची वर्षं, सगळं.
शांताबाईनं टॉर्च घशावरच धरला. मग, "आ करा. आवशिद राह्यलंय."
नंतर निंबाखाली नेऊन अर्धा तास झाडलं त्याला. खिडकीतून फक्त हातवारे दिसले. पुरेसे होते.

१४ मे
भा. भाकरी खाऊन आला, ठेचा लावून! जांभळं औषध आणि घशाच्या गोळ्या लागू पडल्या. मूळ रोगावर माझ्याकडे काही नाही, तेही सांगितलं. "घसा तर तुमच्याकडं हाय ना? तेवडा द्या."
सिंधूताईंनी टॉर्च धरला. फटाका पेटवतात तसा, हात लांब करून. पण धरला.

१९ मे, रवि.
लग्न. वंदनेच्या पहिल्या ओळीला भा.चा आवाज चिरला. दुसरीला लागला. काय लागला!
व्याही भा.ची जीभ पाहून, "जांभळं लवकर आली का औंदा?"
शांताबाई, "आमच्याकडं आली."
मी दोनदा जेवले.

२१ मे
शांताबाई आली, बुंदीचा डबा घेऊन. "आता माझं रगत घ्या." सिंधूताईंनी घेतलं. न खोकता. मग हात धुऊन बुंदीवर पहिला हात त्यांचाच.
नमुना दुपारच्या एसटीनं नगरला गेला. आठवडा लागेल.
जाताना शांताबाई म्हणाली, "वाईट आलं तर तुमी नका सांगू म्याडम. आमच्या मालकांना सांगू द्या. आता आवाज हाय की त्यांना."