रिकाम्या पाकिटांची पिशवी

गुरुवार, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. मुक्काम लातूर, इस्पितळ.

हृदयात जाळी बसवल्यावर डॉक्टरांनी माझे रक्त जनुकांच्या तपासणीसाठी पाठवले होते. आज अहवाल आला. रक्त पातळ करणारी नेहमीची गोळी माझ्या शरीरात कामच करीत नाही. दोष जन्मजात, सख्ख्या भावंडांतही असू शकतो. मला गोळी बदलून दिली.

धाकट्या दिगंबरलाही जाळी होती आणि गोळी ती नेहमीचीच होती. दुसऱ्या झटक्यात तो गेला. दहाव्याला चार लोकांसमक्ष मी त्याच्या बायकोला म्हणालो, "वेळेवर गोळी दिली असतीस तर माझा भाऊ जगला असता." कौसाने गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी पुढे केली. मी पाहिली नाही. भूकंपात त्याला मी ढिगाऱ्यातून ओढून काढले होते, म्हणून त्याच्याविषयी अखेरचा शब्द माझाच, हा ताठा. ती पाकिटे मोजली असती तर? मोजली नाहीत.

मुलीच्या शिकवणीसाठी कौसा इथेच खोली करून राहते. सायंकाळी डबा घेऊन आली, तेव्हा अहवाल सांगितला.

"दादा, मला कागद कशाला लागतोय? माझ्या हातानं देत व्हते की."

धाकट्या भावजयीची क्षमा कशी मागतात, ठाऊक नाही. 'चुकलो' एवढेच म्हणालो.

"मला एकटीला सांगून काय व्हतंय? परवा शनिवारी वर्षश्राद्ध हाय. चार लोकांत बोललात, चार लोकांतच सांगा."

होय म्हणालो. ती गेल्यावर डॉक्टरांना विचारले, मला उद्याऐवजी रविवारी सोडता येईल का?