नायगावचा थांबा

नायगाव, दादर (पूर्व)
२८ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
मेघनाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आधी बाबांनी वाचलं, मग आईने, मग बाबांनी पुन्हा मोठ्याने, जणू ऐकू मलाच कमी येतं. कानाचं मशीन कपाटात ठेवून तू दापोलीहून सगळ्यांना कागद-पेन धरायला लावलंस ते एका परीने बरंच झालं. अख्ख्या चाळीत खासगी पत्र फक्त आमच्याच दारी येतं, त्यामुळे आमचा भाव वाढलाय.

आता तुझ्या तक्रारीकडे वळते. एम. ए. झालेल्या पोरीने परक्यांना गाव दाखवत फिरायचं, ही कसली नोकरी, असं तू लिहिलंस. आत्या, तू शाळेत शिकवलंस ना जन्मभर? मीही तेच करते, फक्त माझा वर्ग बसमध्ये असतो आणि मुलं साठीची असतात. सकाळी गेटवेपासून सुरुवात. मग व्हीटी स्टेशन, क्रॉफर्ड मार्केट, गिरगाव चौपाटी, राणीची बाग. दादरला जेवण, नंतर चैत्यभूमी, आणि सूर्य मावळताना वरळी कोळीवाडा. एका दिवसात मुंबई! कोणी इंदूरहून येतं, कोणी बंगळुरूहून, एखादं जोडपं पार जर्मनीचं. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत मी बोलते आणि तिन्ही भाषांत लोक हसतात. मला हे काम येतं, आत्या. चांगलं येतं.

खरी बातमी पुढे आहे. मला अजून कंपनीने कायम केलेलं नाही. येत्या नऊ तारखेच्या रविवारी कंपनीच्या नम्रता मॅडम दिवसभर माझ्या बसमध्ये बसणार आणि मग ठरवणार, ठेवायचं की नारळ द्यायचा. आपलं ठरलंय ते मी विसरलेली नाही. कायम झाले नाही तर जानेवारीत तू म्हणतेस तशी बँकेच्या परीक्षेला बसेन, कुरकुर करणार नाही. पण तू उगाच पुस्तकं जमवू नकोस. ती वेळ येत नाही.

आई-बाबा ठीक. तुझ्या हापूसच्या कलमांना आमचा नमस्कार सांग आणि तुझा लोभ नेहमीसारखा कडक असू दे.

तुझी,
मेघना

दापोली
३ नोव्हेंबर २०२५

चि. मेघनास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि जय भीम.

तुझ्या अक्षराला वळण नाही, हे मी तिसरीत सांगितलं होतं, आज पुन्हा सांगते. मजकुराला मात्र वळण आहे. स्वतःची स्तुती करताना तर फारच.

पुस्तकं मी जमवलेली नाहीत, दोनच आणली आहेत. मला तुझ्या हुशारीची शंका नाही, पोरी. मला धास्ती आहे ती उद्याची. बँकेत माणूस एकदा टेकला की टेकला. तुझ्या धंद्यात मंदी आली की माणसं घरी. आमच्या पिढीने गिरण्या बंद पडून घरी बसलेली एवढी माणसं पाहिली आहेत की मला दुसरं काही सुचत नाही. हे टोचून बोलणं समजू नकोस.

एक विचारते. तुझी बस राणीच्या बागेतून निघून आंबेडकर रोडने लालबाग, परळ, हिंदमाता करत दादरला जाते. त्या वाटेत तू काय सांगतेस ते लिहिलं नाहीस. आपलं सगळं आयुष्य त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गेलं.

रविवारी पोटभर खाऊन निघ. घसा बसला तर खडीसाखर तोंडात धर. त्या बाईंपुढे फार मुरडू नकोस आणि फार वाकूही नकोस. गौतमला, तुझ्या बापाला, सांग, बहिणीला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या तर बोटं झिजत नाहीत.

माया आहे, ती पत्रात मावत नाही म्हणून इथेच थांबते.

तुझी आत्या,
रमा

नायगाव
१० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

बसून वाच. चहा घेतला नसशील तर आधी घे.

राणीच्या बागेपासून दादरपर्यंत मी काय सांगते? काहीच नाही. कंपनीच्या कागदावर त्या वाटेपुढे फक्त विश्रांती एवढं लिहिलंय. मी माईक बंद करते, लोक डुलक्या काढतात. काल नेमकी तिथेच, हिंदमाताला, बस बंद पडली. चालकाने सांगितलं की दुसरी गाडी यायला वेळ लागेल. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आतला एसी बंद, बावीस माणसं, त्यांतल्या चार म्हाताऱ्या बायकांना बाथरूमला जायचं होतं. नम्रता मॅडम मागच्या सीटवरून बघत होत्या की आता ही काय करते.

मी काय करणार? आपली चाळ दहा मिनिटांवर. कालिंदीकाकूंना फोन केला की काकू, माझे बावीस पाहुणे घेऊन येतेय, पाणी आणि कपभर चहाचं बघा. मला वाटलं, सगळ्यांना गॅलरीत बसवू, घोट घोट चहा होईल, तोवर गाडी येईल.

तुला कळलंच असेल पुढे काय झालं. चाळीत पाहुणे आले की काय करतात? लग्नात करतो तेच. आम्ही वर पोचेपर्यंत कालिंदीकाकूंनी मजल्यावरच्या बायकांत पाहुणे वाटूनसुद्धा टाकले होते. दोन या खोलीत, तीन त्या खोलीत. मी मागून येणाऱ्या म्हाताऱ्यांना हात देऊन जिना चढवला आणि वर बघते तर गॅलरी रिकामी! सगळ्या खोल्यांची दारं उघडी, दाराबाहेर बुटांचे ढीग, आणि माझे टुरिस्ट आत गायब. रविवार असल्यामुळे घराघरात मटण नाहीतर मासे शिजत होते. आता नुसता चहा देऊन पाहुण्याला कोण सोडतं? जर्मनीचं जोडपं आईच्या हातची सुकट खाऊन डोळे पुसत होतं आणि आणखी मागत होतं. जी मंडळी शाकाहारी होती त्यांच्यासाठी शेवंताबाईंनी पिठलं टाकलं. एका घरातून माणूस उठवावा तर शेजारचे म्हणायचे की त्यांच्याकडे जेवला, आमच्याकडे नुसतं पाणी, असं कसं चालेल. चाळीत लहानाची मोठी झाले, आणि ही एवढी गोष्ट माझ्या ध्यानात येऊ नये!

गाडी आली. हॉर्न वाजवून वाजवून चालक थकला. मी दारोदार फिरून माणसं गोळा केली, तरी इंदूरचे एक आजोबा सापडेनात. शेवटी राजरत्नकाकांच्या कॉटवर पंख्याखाली घोरताना मिळाले. दादरचं जेवण फुकट गेलं, कोळीवाड्यात पोचलो तोवर अंधार. मला वाटलं, संपलं. बँकेची पुस्तकं डोळ्यांसमोर नाचायला लागली.

आणि आज सकाळी मॅडमनी बोलावलं. त्या स्वतः कालिंदीकाकूंकडे दोनदा भात घेऊन जेवल्या होत्या, हे मी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या की प्रवाशांच्या अभिप्रायांत गेटवेबद्दल कोणी अवाक्षर लिहिलेलं नाही, सगळ्यांनी चाळीबद्दलच लिहिलंय. म्हणून आता दर रविवारी चाळ हा ठरलेला थांबा करायचा, चार घरं नक्की करायची, त्यांना मोबदला द्यायचा. मी ते जमवलं तर कायम. वीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.

मी नाचत घरी आले. पण चाळीत विचारलं तर दोन तट पडले. काही घरं तयार आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. राजरत्नकाका मात्र भडकले. ते म्हणाले की सकाळी राणीच्या बागेत पेंग्विन बघायचे आणि दुपारी आम्हाला, असं का?  आता माझ्याही मनात तेच खुपतंय. पण आत्या, मला ही नोकरी हवीय. मनापासून हवीय. काय करू ते सांग. आयुष्यात पहिल्यांदा तुला सल्ला विचारतेय, तेव्हा फार ताणू नकोस.

तुझ्या लोभाची आज जरा जास्तच गरज असलेली,
मेघना

दापोली
१५ नोव्हेंबर २०२५

चि. मेघनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. शेजारचा धोंडू धावत आला, म्हातारीला काय झालं म्हणून. मग शेवट वाचला आणि लगेच लिहायला बसले.

मी सात-आठ वर्षांची असताना आपल्या खोलीत चार बायका आल्या होत्या. कामगारांची वस्ती कशी राहते ते पाहायला. कोणी धाडलं, ते आम्हाला कळलं नाही. चांगल्या घरच्या, बोलायला गोड. त्यांनी माझ्या आईच्या फळीवरचे डबे उघडून पाहिले. डाळ किती, तांदूळ किती. तुझे आजोबा, आमचे बाबा, गिरणीतून येऊन नुकते पडले होते, ते उठून भिंतीला टेकून उभे राहिले. कुशाबा म्हटलं की अख्खी चाळ मान द्यायची, आणि तो माणूस आपल्याच घरात शाळेतल्या मुलासारखा उभा. आईने त्या दिवशी त्या बायकांना पाणी विचारलं नाही. माझ्या आईने दारात आलेल्याला पाणी विचारलं नाही, असं तेव्हा एकदाच झालं.

त्याच खोलीत एका पावसाळ्यात पाण्यात अडकलेलं अनोळखी कुटुंब चार रात्री राहिलं. आई जमिनीवर झोपली आणि तरीही आनंदात होती. घर तेच, डबे तेच. फरक एवढाच की यांना आईने आत घेतलं होतं आणि त्या आत आल्या होत्या.

परवा तुझी माणसं जेवली ती कालिंदीने वाटून घेतली म्हणून. ज्या दिवशी कंपनी ती वाटून देईल त्या दिवशी कालिंदीची खानावळ झाली. खानावळ चालवणं वाईट नाही, कोणाला चालवायची तर खुशाल चालवावी. पण राजरत्नच्या दारावरून माणसं न्यायची आणि त्याला विचारायचं नाही, हे तुझ्याकडून होऊ नये.

त्या बाईंना सरळ नाही सांग. हात जोडून नको आणि भांडूनही नको. तुला जे येतं ते काय आहे तेही सांग, नुसता नकार देऊन उठू नकोस.

आणि बँकेचं. तू शब्द दिला होतास, तो मी तुला परत करते. पुस्तकं धोंडूच्या सुनेला दिली, ती अभ्यास करते आहे. नोकरी गेली तर कंपनीची नोकरी गेली, तुझं काम तुझ्यापाशीच राहील. मला उद्याची धास्ती अजून आहेच, पण ती माझी मी सांभाळीन, तुझ्या डोक्यावर देणार नाही.

जेवत जा. रागावलेली नाही, अभिमान वाटतो आहे, आणि तो लपवायचं माझं वय राहिलं नाही.

तुझीच,
रमाआत्या

नायगाव
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मॅडमकडे गेले. नाही सांगितलं. हात जोडले नाहीत, भांडलेही नाही. चाळ हा थांबा होणार नाही, म्हटलं, पण त्या रस्त्यावर विश्रांती लिहिलीय ते खोडा. राणीच्या बागेपासून दादरपर्यंत मला बोलू द्या आणि नायगावच्या कोपऱ्यावर खाली उभं राहून थोडा वेळ द्या. कोणाच्या घरात पाऊल न टाकता मी ती माणसं दाखवते. मॅडमनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाल्या की तेवीस तारखेला त्या पुन्हा बसमध्ये बसतील आणि त्याच दिवशी निकाल लावतील.

काल तो दिवस झाला. लालबागपासून मी माईक खाली ठेवला नाही. गिरण्या कुठे होत्या, तिथे आता काय उभं आहे, भोंगा झाला की रस्ता कसा माणसांनी भरायचा, एकेका खोलीत दहा-दहा जण पाळीपाळीने कसे झोपायचे. एकानेही डुलकी काढली नाही. कोपऱ्यावर उतरवलं आणि समोरच्या चाळी दाखवत बोलत राहिले. गॅलऱ्यांत माणसं जमली. माझे टुरिस्ट वर बघत होते आणि आपली चाळ खाली. कोण कोणाला बघतंय ते सांगणं कठीण होतं, आणि मला ते आवडलं.

एवढ्यात जिन्यातून राजरत्नकाका उतरले, बनियनवर घाईघाईने शर्ट चढवत. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर फाडणार. ते तडक माझ्यापाशी आले आणि झापलंच मला, की आपल्या दारासमोर माणसं उन्हात उभी करून ठेवतेस, तुला लाज आहे की नाही, वर चहाचं आधण ठेवलंय. मी हळूच म्हटलं की काका, नको तर तुम्हीच म्हणाला होतात. त्यावर ते म्हणाले की तू आणणार होतीस ते वेगळं आणि मी बोलावतोय ते वेगळं, एवढं शिकून कळत कसं नाही.

आत्या, तुमची दोघांची शाळा एकच होती का गं?

मी मॅडमकडे पाहिलं. हे कागदावर नव्हतं. मॅडमनी घड्याळ बघितलं, मग चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं. मी माईक बंद करून पिशवीत टाकला आणि सगळ्यांना सांगितलं की टूर इथे थांबली, यापुढे हे काका तुम्हाला चहाला बोलावतायत, यायचं तर चपला दाराबाहेर काढायच्या. जिन्याच्या पायथ्याशी मॅडम हळूच म्हणाल्या की सोमवारी ऑफिसात पत्र घ्यायला ये, आणि कागदावर नायगावपुढची जागा कोरीच ठेवू. दर रविवारी चहा मिळेलच असं नाही, हे मी त्यांना तिथेच बजावलं. आज ते पत्र हातात पडलं. मी कायम झाले, आत्या! आईने पत्राला हात लावायच्या आधी पदराला हात पुसले. बाबा तुला दोन ओळी लिहायला बसलेत, खाडाखोड चालू आहे.

एक सांगायचं राहिलं. जिना चढताना राजरत्नकाका पुढे होते आणि मी सगळ्यात मागे. ते आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत लोकांना सांगत होते, की बायकामुलं मुंबईला यायच्या आधी त्यांचे वडील रात्रपाळीला आणि माझे आजोबा दिवसपाळीला, दोघांत अंथरूण एकच. एक उठला की दुसरा त्याच्या उबेत आडवा व्हायचा. कित्येक वर्षं एकमेकांना जागेपणी फक्त याच जिन्यात भेटायचे. खाली कोपऱ्यावर मी ज्या माणसांबद्दल एवढं बोलले ती आपलीच होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कठड्याला धरून ऐकत उभी राहिले, तिकीट काढून आलेल्या माणसासारखी.

तुझ्या लोभाला आता कसलीच अट नाही, तेव्हा तो मोकळ्या हाताने पाठव.

तुझी,
मेघना