आखूड केसांच्या रिबिनी

बाई, तुम्हांला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा वैताग काही गेलेला नाही. आयुष्यभर सभा गाजवल्या, भल्याभल्यांना गप्प केलं. तुम्हांला उत्तर द्यायचं तेवढं राहून गेलं.

दुष्काळाचं वर्ष, कळंबची शाळा. मी सहावीत. सगळ्या केसांची मिळून मनगटाएवढी जाड जट, आईनं हळद लावून जपलेली. देवी आली आहे, आता पोर देवीला सोडावी लागणार, असं गल्ली बोलायची. तुमचा नियम एकच: दोन वेण्या, लाल रिबिनी. जटेची वेणी होत नाही, म्हणून मी आठवडाभर व्हरांड्यात उभी. मग आई खडी फोडायच्या कामावरून तशीच वर्गाच्या दारात आली, पदर धुळीनं पांढरा झालेला.

"बाई, देवीची हाय ती. फणी लावता येत न्हाई."

तुम्ही हजेरीपटावरून मान वर न करता म्हणालात, "मग देवीलाच पाठवा शाळेत." सगळा वर्ग खदखदून हसला.

आई मला घेऊन निघाली. घरी येऊन तिनं मला उंबऱ्यावर बसवलं आणि विळा घेतला. "आये, देवी कोपंल," मी रडत म्हणाले. "कोपली तर माझ्यावर कोपंल. तू शाळंला जा." जट तिनं पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून कामावरच्या बायका तिला आपल्या घागरीतलं पाणी देईनात. टँकर आला नाही की सगळ्या तिच्याकडं बघायच्या. "हिनंच पाऊस अडवला."

आणि तुम्ही? मी कातरलेल्या डोक्यानं तुमच्यापुढं उभी आहे, आता तरी आत घ्याल असं वाटतंय. तुम्ही चष्म्यावरून बघता आणि विचारता, "रिबिनी कुठं आहेत?" बाई, बोटभर केस होते हो! मी पुन्हा व्हरांड्यात. आई परत आली, आणि या वेळी तिचा आवाज शाळाभर ऐकू गेला: "आता रिबीन काय कानाला बांधू व्हय?" तेव्हा कुठं तुम्ही मला बाकावर बसू दिलंत.

जट ही अंधश्रद्धाच, हे मी आजही माईकवर ठणकावून सांगते. पण तुमचं भांडण अंधश्रद्धेशी नव्हतंच. तुम्हांला रांगेत सारखी डोकी हवी होती. रिबीन ही तुमची देवी होती, आणि ती आईच्या देवीपेक्षा कोपिष्ट निघाली.

हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते. चाळीस वर्षं मी भाषणात सांगत आले, की माझी जट एका शिक्षिकेनं कापली. शिकलेली बाई, हातात कात्री, सुटलेली मुलगी, टाळ्या पडतात. विळा आणि आई मी गाळत आले. का, तेही मला ठाऊक आहे. त्या दिवशी वर्ग हसला, तेव्हा दारातल्या आईकडं बघून मीही हसले होते.